मुलीचं वजन, मुलीचं शरीर: घरात काय बोलावं, काय थांबवावं

पाच वर्षांच्या मुलीला डाएट म्हणजे काय हे कळतं का? अमेरिकेत संशोधक लीॲन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं आणि २००० साली निष्कर्ष छापले. ज्यांच्या आया स्वतः डाएट करत होत्या, त्या पाच वर्षांच्या मुलींना बारीक होण्यासाठी काय करतात याची कल्पना असण्याचं प्रमाण इतर मुलींच्या दुपटीहून जास्त होतं. त्यांना कोणी हे समोर बसवून शिकवलं नव्हतं. आरशासमोरचा एक उसासा, जेवताना बाजूला सारलेली वाटी, फोनवर बहिणीशी चाललेली वजनाची चर्चा, एवढ्यातून ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

म्हणून सुरुवात मुलीपासून करू नका, घरातल्या बोलण्यापासून करा. एक आठवडा कोणालाही न सांगता नुसतं ऐका. शरीर, वजन किंवा खाणं यांवरून कोणी काही बोललं की ते वाक्य फोनमध्ये जसंच्या तसं टिपून ठेवा. नोंदींचे तीन गट करा: मुलीबद्दलची वाक्यं, बोलणाऱ्याने स्वतःबद्दल काढलेली वाक्यं आणि तिसऱ्या कोणाबद्दलची वाक्यं. बहुतेक घरांत पहिला गट सगळ्यांत लहान निघतो. ‘आम्ही तिला कधीच काही बोलत नाही’ असं आईवडील मनापासून म्हणतात आणि ते खरंही असतं. पण ‘किती सुटलेय मी’, ‘आज फार झालं, रात्री काही खाणार नाही’, ‘ती बघ, आधी कशी होती आणि आता काय झालीय’ ही वाक्यं मुलीच्या कानावर पडतच असतात. त्यातून ती हिशेब मांडते: या घरात जाड माणसाबद्दल असं बोलतात, उद्या मी जाड झाले तर माझ्याबद्दलही असंच बोलतील.

बारीक झाल्याचं कौतुकही याच यादीत टिपा. ‘अगं, किती बारीक झालीस! काय केलंस?’ हे वाक्य बोलणाऱ्याला निरुपद्रवी वाटतं. समोरची मुलगी आजारामुळे, ताणामुळे किंवा जेवण चुकवून बारीक झाली असेल, तर वजन उतरलं की लोक दखल घेतात हे तिला पक्कं कळतं. खाण्याचे आजार असलेल्या अनेक मुलींच्या बाबतीत सुरुवातीच्या महिन्यांत घरचे कौतुकच करत असतात, ते यामुळेच. काटकुळ्या मुलीला ‘काडी’, ‘हडकुळी’ म्हणणं हाही त्याच खेळाचा भाग आहे. ‘आम्ही लाडाने म्हणतो’ हा बचाव चालत नाही. टोपणनाव शरीरावरून असेल तर ते त्याच दिवशी बंद करा.

आठवडा संपला की घरातल्या मोठ्यांनी बसून ती यादी वाचावी. मुलीला दाखवू नये. सगळं एकदम बदलायला जाऊ नका, सगळ्यांत जास्त वेळा आलेली दोन-तीन वाक्यं निवडा. स्वतःच्या शरीराबद्दल अचानक प्रेम वाटावं अशी कोणाचीच अपेक्षा नाही. नाराजी असेल तर असू द्या, फक्त ती मुलीच्या कानांपर्यंत जाऊ देऊ नका. ‘हा ड्रेस मला जाड दाखवतो’ याऐवजी ‘हा खांद्यात घट्ट होतोय, दुसरा घालते’ म्हटलं तरी पुरतं. ‘आज पाप केलं, दोन तुकडे खाल्ले’ याऐवजी काहीच बोलायची गरज नसते. मधुमेह किंवा रक्तदाबामुळे मोठ्या माणसाचं खाणं वेगळं असेल, तर ते कारण नाव घेऊन सांगा. न सांगितलेली कारणं मुली वजनाच्या खात्यात जमा करतात.

ती विचारते: ‘आई, मी जाड दिसते का?’

‘छे गं, कुठे जाड!’ हे उत्तर जवळजवळ सगळेच देतात, आणि ते फसतं. मुलीने आरसा पाहिलेला असतो, शाळेत कोणी काहीतरी म्हटलेलं असतं, त्यामुळे तिला ते खरं वाटत नाही. शिवाय जाड असणं ही इतकी वाईट गोष्ट आहे की ती तातडीने नाकारावी लागते, हेही त्या ‘छे’मधून तिला कळतं. ‘तू तर सुंदर आहेस’ या उत्तराने बोलणं पुन्हा दिसण्यापाशीच येऊन थांबतं.

हातातलं काम बाजूला ठेवा आणि विचारा, ‘आज असं का वाटलं? कोणी काही म्हणालं का?’ मग गप्प राहा. ती बोलेपर्यंतचा वेळ मोठ्यांना फार लांब वाटतो, तो भरून काढायची घाई करू नका. कोणी चिडवलं असेल तर ‘दुर्लक्ष कर’ म्हणू नका. ‘ते बोलणं चुकीचं होतं. तुझ्या शरीरावर बोलायचा त्याला काहीही हक्क नाही’ असं स्पष्ट सांगा. चिडवणं रोजचं असेल तर शाळेशी बोला, पण तिला आधी सांगून. ‘पोट मोठं झालंय’ असं ती म्हणाली तर तिचं वय लक्षात घेऊन खरं कारण सांगा. नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ते बहुतेकदा वाढीचंच असतं.

ती खरोखरच वजनदार असेल तर? तेव्हाही खोटं बोलू नका. ‘तुझं शरीर तुझ्या मैत्रिणीपेक्षा मोठं आहे, हो. माणसांची शरीरं वेगवेगळ्या मापांची असतात. त्यावरून तुला कोणी त्रास देत असेल तर तो मला कळायला हवा.’ एवढं पुरेसं आहे. या क्षणी खाण्याचा सल्ला देऊ नका. मनातलं सांगायला आलेल्या मुलीच्या हातात आपण पथ्याचा कागद ठेवला, तर पुढच्या वेळी ती सांगायला येणार नाही.

वयात येताना वजन वाढतं, आणि वाढायलाच हवं

घरातली सगळ्यांत महागडी चूक इथे होते. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान होते. पहिली खूण म्हणजे छातीची वाढ. त्यानंतर साधारण दोन ते अडीच वर्षांनी पाळी सुरू होते. मधल्या काळात उंची झपाट्याने वाढते, ऐन जोमात वर्षाला आठेक सेंटीमीटर. शरीरातल्या चरबीचं प्रमाण या टप्प्यात सुमारे १६ टक्क्यांवरून २७ टक्क्यांच्या आसपास जातं. कंबर, मांड्या, नितंब भरतात. प्रौढ वयातल्या हाडांच्या वस्तुमानाचा सुमारे ४० टक्के भाग वाढीच्या शिखराभोवतीच्या चार वर्षांत जमा होतो. यासाठी अन्न लागतं, भरपूर लागतं, आणि मुलगी अचानक आईपेक्षा जास्त जेवू लागली तर त्यात बिघडलेलं काही नाही.

अनेक मुलींमध्ये आधी रुंदी वाढते आणि उंची नंतर. या मधल्या काही महिन्यांत घरच्यांचा धीर सुटतो. ‘आत्ताच आवरलं नाही तर पुढे अवघड जाईल’ म्हणत रात्रीचं जेवण कमी केलं जातं, आणि हाडं, रक्त व पाळी घडत असताना शरीराला तुटवडा सोसावा लागतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रोजेक्ट ईट या अभ्यासात डायान न्यूमार्क-स्टायनर यांच्या गटाने किशोरवयीन मुलामुलींचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. किशोरवयात डाएट करणाऱ्यांचं वजन पाच वर्षांनी डाएट न करणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलेलं दिसलं आणि खाण्याच्या विकारी सवयींचा धोकाही त्यांना जास्त होता. म्हणजे ज्या भीतीपोटी डाएट लावलं, तीच गोष्ट पदरात पडते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली डॉक्टरांना दिलेल्या सूचनांतही डाएटला प्रोत्साहन देऊ नका, घरात वजनावर बोलणं आणि चिडवणं टाळायला सांगा, एकत्र जेवायला सांगा, असंच म्हटलं आहे.

आठव्या-नवव्या वर्षी, बदल दिसायच्या आधी, मुलीला हे सांगून ठेवा: ‘पुढच्या काही वर्षांत तुझं वजन आणि उंची दोन्ही वाढतील, कधी एक पुढे, कधी दुसरं. कपडे लवकर लहान होतील. शरीर गोल होईल. त्याचं ते कामच आहे.’ एकदाच मोठं भाषण देण्यापेक्षा चालता-बोलता, दोन-दोन मिनिटांत सांगितलेलं जास्त मुरतं.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. मोठ्यांसाठीचे २५ आणि ३०चे आकडे वाढत्या मुलींना लागू होत नाहीत. त्यांचा बीएमआय वय आणि लिंगानुसारच्या आलेखावर मांडावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचे ५ ते १९ वयाचे आलेख २००७पासून उपलब्ध आहेत. एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही, रेषेला आहे. लहानपणापासून वरच्या रेषेजवळ वाढणारी मुलगी तिथेच वाढत असेल, तर ती तिची वाट आहे. याउलट ७५व्या शतमकावरची (म्हणजे त्या वयाच्या शंभरांतल्या ७५ मुलींपेक्षा पुढे असलेली) मुलगी वर्षभरात २५व्यावर आली, तर आकडा ‘नॉर्मल’ असूनही डॉक्टरांकडे जायला हवं. लोक तिचं कौतुक करत असले तरीही.

बाथरूममधला वजनकाटा काढून टाका. वजन-उंची वर्षातून एक-दोनदा दवाखान्यात मोजली तर पुरते. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की वजनाबद्दल काही बोलायचं असेल तर ते आधी तुमच्याशी, मुलगी खोलीत नसताना बोलावं.

जेवणाची कामं कोणाची

एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी मांडलेली विभागणी अजून तरी सगळ्यांत उपयोगी आहे. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठे ठरवतात. खायचं की नाही आणि किती, हे मूल ठरवतं. ऐकायला सोपं, पाळायला कठीण, कारण मोठे दोन्ही बाजूंनी हद्द ओलांडतात. जाड मुलीला ‘पुरे आता’ म्हणतात, बारीक मुलीला ‘अजून दोन घास’.

मोठ्यांच्या वाट्याचं काम आधी नीट करा. दिवसाला तीन जेवणं आणि मध्ये एक-दोन वेळा खाणं, दोन खाण्यांमध्ये अडीच ते चार तासांचं अंतर. शाळेतून भुकेजलेली मुलगी घरी आली आणि रात्रीच्या जेवणापर्यंत काहीच मिळालं नाही, तर ती जेवताना तुटून पडणार. त्याला हावरटपणा म्हणू नका, तो वेळापत्रकाचा दोष आहे. प्रत्येक जेवणात तिला हमखास चालणारा एक तरी पदार्थ असावा. जेवण मध्ये ठेवा, तिचं तिला वाढून घेऊ द्या. टीव्ही-मोबाइल बंद. वीस-तीस मिनिटं. जेवताना वजन, उष्मांक, ‘आज कोणी किती खाल्लं’ हे विषय वर्ज्य. रोज सगळे एकत्र बसू शकत नसतील तर आठवड्यातून तीन जेवणांपासून सुरुवात करा. सकाळचा नाश्ताही यात धरा.

नवा पदार्थ नाकारला तर टिप्पणी न करता पुन्हा पुन्हा ठेवत राहा. आठ ते पंधरा वेळा समोर आल्यावर मुलं तो खाऊ लागतात, आणि तिसऱ्या वेळीच बहुतेक घरं हार मानतात.

आता गोड आणि चटकमटक. बर्च आणि जेनिफर फिशर यांच्या प्रयोगांत डोळ्यांसमोर ठेवून मनाई केलेल्या पदार्थाची मागणी मुलांकडून वाढली. ज्या मुलींवर आयांनी जास्त बंधनं घातली होती, त्या मोकळीक मिळाल्यावर भूक नसतानाही जास्त खात होत्या. तेव्हा चॉकलेट कुलुपात ठेवू नका. घरात काय आणायचं हे तुमच्या हातात आहे, ते दुकानातच ठरवा. आणलंत तर कधी जेवणासोबतच प्रत्येकाला एकेक वाटून द्या, ‘भाजी संपवलीस तर’ अशी अट न घालता. अधूनमधून मधल्या वेळी, बसून, हवं तेवढं खाऊ द्या. आजवर कडक बंदी असेल तर सुरुवातीचे काही आठवडे ती खूप खाईल. हे अपेक्षित आहे. याच आठवड्यांत मोठ्यांच्या भुवया वर गेल्या की सगळं पुन्हा सुरुवातीला येऊन पोचतं. ‘बघ, म्हटलं होतं ना’ हे वाक्य गिळता आलं तर जिंकलात. लपून खाणं, कागद गादीखाली सापडणं, ही बंधन फार झाल्याची खूण समजा आणि रागवू नका.

दोन बहिणींपैकी एक जाड, एक बारीक असेल तर दोघींना एकच जेवण. बारीक बहिणीला गोड आणि जाड बहिणीला काकडी, असं एकदाही झालं तर ते दोघींच्याही कायम लक्षात राहतं. वाटणीतून आपल्याबद्दल काय म्हटलं जातंय, हे मुलींना न सांगता कळतं.

व्यायाम हा खाल्ल्याची भरपाई म्हणून कधीच मांडू नका. ५ ते १७ वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं हालचाल हवी. त्यात पळापळी, सायकल, नाच, पोहणं सगळं येतं. तिला आवडेल ते. झोप ६ ते १२ वर्षांपर्यंत ९ ते १२ तास, पुढे ८ ते १० तास.

बाबा, भाऊ, आजी आणि कपडे

वडिलांचं एक वेगळंच होतं. मुलगी वयात येऊ लागली की अनेक बाबा नकळत लांब सरकतात, दंगामस्ती थांबते, एकत्र खेळणं थांबतं. शरीर बदललं आणि बाबा दूर गेले, या दोन गोष्टी मुलगी एकमेकांना जोडते. खेळ बदला, पण बंद करू नका. एकत्र काहीतरी दुरुस्त करणं, चालायला जाणं, बुद्धिबळ, काहीही चालेल. बाबांची थट्टाही सगळ्यांत खोल लागते, कारण ती तिला पुरुषांचं मत वाटते.

भावांसाठी नियम एका ओळीचा ठेवा: या घरात कोणाच्या शरीरावरून विनोद होत नाहीत. कोणी सुरुवात केली, तिनेही काही म्हटलं होतं का, याची चौकशी नको. प्रत्येक वेळी त्याच शांत आवाजात थांबवा.

आजी किंवा मावशी येणार असेल तर आधी एकटीने फोन करा. ‘तिला बघून वजनाबद्दल काही म्हणू नका’ एवढ्यावर थांबू नका, बोलायला दुसरं काहीतरी द्या: ‘सध्या ती चित्रं काढतेय, ते विचारा.’ तरीही वाक्य आलंच, तर मुलीच्या देखत सांगा, ‘आजी, आम्ही आता शरीरावर बोलत नाही. तिचं चित्र बघा ना.’ आजीचा मान राखला जातो आणि आई आपल्या बाजूने बोलली हे मुलीला दिसतं. तिथे गप्प बसून नंतर खोलीत ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणण्याला फारशी किंमत नाही.

कपडे आत्ताच्या मापाचे घ्या. ‘बारीक झालीस की होईल’ म्हणून ठेवलेला ड्रेस रोज कपाटातून टोमणा मारतो, तो काढून टाका. मापाचा आकडा खुपत असेल तर लेबल कापा. घालून पाहताना ‘जाड दिसतेस’ही नको आणि ‘बारीक दिसतेस’ही नको. हात वर करता येतात का, वाकता येतं का, बसल्यावर टोचतं का, एवढंच विचारा.

डॉक्टरांनी खरंच वजनाची काळजी व्यक्त केली तर योजना घराची असावी, तिची नाही. वाढत्या मुलींमध्ये वजन उतरवण्यापेक्षा त्याचा वेग आवरणं हेच बऱ्याचदा ध्येय असतं, उंची पुढे जाऊन बाकीचं काम करते. घरात गोड पेयं आणणं थांबलं, जेवणाच्या वेळा बसल्या, झोप सुधारली, तर ते सगळ्यांसाठी. मुलीला ‘तुझ्यामुळे’ हा शब्द कुठेही ऐकू येऊ नये.

डॉक्टरांकडे कधी

वाढत्या मुलीचं वजन कारणाशिवाय उतरणं किंवा महिनोन्महिने न वाढणं, दोन्ही धोक्याच्या खुणा आहेत. पाळी तीन महिने न येणं, सतत थंडी वाजणं, चक्कर, केस गळणं, अंगावर बारीक लव येणं, जेवण झाल्या झाल्या (उलटीचा आवाज लपवायला) बाथरूमचा नळ सुरू होणं, ‘मी शाळेतच खाल्लं’ हे रोजचं उत्तर, एकेक पदार्थगट वगळत जाणं, आजारी असतानाही व्यायाम न सोडणं, सैल कपड्यांत लपणं यांतली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर थांबू नका. ती बारीक दिसत नाही म्हणून आजार नाही असं होत नाही. रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या तरी आजार असू शकतो. बेशुद्ध पडणं, छातीत दुखणं, जागेपणी नाडी मिनिटाला ५०च्या खाली जाणं, पाणीही नाकारणं, जीव देण्याची भाषा, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

ॲनोरेक्सियाचं, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं धोकादायक इतकं कमी करण्याच्या आजाराचं, निदान झालं तर वर सांगितलेली सॅटर यांची विभागणी तात्पुरती बाजूला ठेवावी लागते. उपाशी मेंदू भुकेचा अंदाज नीट देत नाही, म्हणून ‘किती’ हेही काही काळ आईवडीलच ठरवतात. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात आकाराला आलेले कुटुंबाधारित उपचार याच पायावर उभे आहेत, आणि त्यांत दोष कोणाचा हे शोधण्यात वेळ घालवत नाहीत. घरात ते असं दिसतं: तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन वेळा खाणं, प्रत्येक वेळी एक मोठं माणूस शेजारी बसलेलं, ताट आईने किंवा बाबांनी वाढलेलं, त्यावर वाटाघाटी नाहीत. नंतर तासभर पत्ते, चित्रपट किंवा गप्पा, म्हणजे एकटीने बाथरूम गाठण्याची वेळ निघून जाते. ती रडेल, ओरडेल, ताट सरकवेल. ‘मला माहीत आहे हे अवघड आहे. मी इथेच बसलेय. पुढचा घास घे.’ हेच तीन वाक्यांचं बोलणं, आवाज न चढवता, लागेल तितक्या वेळा. भावंडांना पहारेकरी करू नका. त्यांचं काम फक्त जेवण झाल्यावर तिच्याबरोबर पत्ते खेळायचं.